राजा पाँडिचेरीला गेला. विद्यार्थ्याने जावे कोठे?

कर्ज ही काय चीज आहे, हे देवासच्या मातीला कोणी शिकवावयास नको. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्या पदरी इंग्रज लेखक फॉर्स्टर १९२१ साली खाजगी चिटणीस होता. त्या दरबारचा विस्कटलेला कारभार त्याने आपल्या पुस्तकात नमूद करून ठेवला आहे. पुढे कर्जाचा डोंगर आणि इंग्रज सरकारचा ससेमिरा असह्य होऊन १९३३ साली महाराजांनी यात्रेचे निमित्त काढले, राजधानी सोडली आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आसरा घेतला. १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. राजाला निदान फ्रेंचांची हद्द तरी होती! आज त्याच देवासच्या, किंवा पवारांच्याच दुसऱ्या गादीच्या धारच्या, शेतकऱ्याचा मुलगा बँकेचे कर्ज काढून अभियंता झाला आणि त्याला नोकरी मिळाली नाही, तर त्याने कोणत्या हद्दीत पळावे?

हा प्रश्न सरकारला सुचत नाही, कारण सरकारने विचार उसना घेतला आहे. २००० साली मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला या दोन उद्योगपतींनी पंतप्रधानांच्या सल्लागार मंडळासाठी शिक्षणावर अहवाल लिहिला. ज्याला उच्च शिक्षण हवे त्याने त्याची किंमत मोजावी, आणि गरिबाला कर्जाची सोय करून द्यावी, हे त्याचे सार. उद्योगपतींनी उद्योगपतींसारखा विचार केला, यात नवल ते काय? नवल हे की, लोकनियुक्त सरकारांनी तोच आपला मंत्र मानला. लगोलग २००१ साली बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. चार लाखांपर्यंत तारण नको, पुढे जामीनदार हवा, साडेसात लाखांवर मालमत्ता गहाण हवी, ही तिची प्रसिद्ध उतरंड. धार जिल्ह्यात अर्ध्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेने त्यांची जमीन बिगरआदिवासीला विकण्यावर निर्बंध घातले आहेत, आणि ते योग्यच आहेत. पण मग कुक्षीच्या भिल्लाच्या पोराने बँकेपुढे तारण म्हणून काय ठेवावे? आपली गुणपत्रिका? ज्या देवासात देशाच्या नोटा छापल्या जातात, त्याच देवासच्या विद्यार्थ्याला चार नोटांसाठी जामीनदार शोधीत दारोदार हिंडावे लागावे, ही थट्टा आहे.

धारच्या पीथमपूरला लागूनच महू आहे. त्या महूला १८९१ साली भीमराव आंबेडकर जन्मले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात धाडले, ते दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता देऊन. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. करार कडक होता खरा. परंतु त्यात मागितली होती ती सेवा, व्याज नव्हे! संस्थानिकांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचे दोष आम्ही जाणतो. पण १९४८ साली धार-देवासचे खजिने मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा खजिन्याबरोबर रयतेला शिकविण्याची जबाबदारीही प्रजेच्या सरकारकडे आली की नाही?

ती जबाबदारी दिल्लीला एकेकाळी मान्य होती. १९६३ साली केंद्राने राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना काढली. कर्ज बिनव्याजी, आणि घेणारा शिक्षक झाला तर सेवेच्या दर वर्षाला एक दशांश माफ. म्हणजे दहा वर्षे खेड्यात मुले शिकवा आणि ऋणमुक्त व्हा. वसुली नीट झाली नाही, म्हणून पुढे ही योजना गुंडाळण्यात आली. वसुली न करणे हा कचेरीचा दोष. शिक्षा मात्र विद्यार्थ्याला!

आता भोपाळची औदार्ये पाहा. २००५ सालच्या ‘गाँव की बेटी’ योजनेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या खेड्यातील मुलीला महिना ५०० रुपये, तेही वर्षाचे दहाच महिने. उरलेले दोन महिने मुलीने जेवू नये काय? २०१७ ची मेधावी विद्यार्थी योजना याहून बरी, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. राज्य मंडळाच्या परीक्षेत ७० टक्के मिळविणाऱ्याची फी सरकार भरते. पण खानावळीचा खर्च त्यातून वगळलेला. बागलीचा मुलगा इंदूरला राहतो तो फीमुळे कमी आणि खोलीभाडे व खानावळीमुळे अधिक बुडतो, हे मंत्रालयात कोणालाच ठाऊक नसावे? आणि ७० ऐवजी ६८ टक्के मिळाले की सगळीच दारे बंद. केंद्राची २०२४ ची विद्यालक्ष्मी योजना तर याच्याही पुढे गेली. देशातील निवडक संस्थांत प्रवेश मिळाला तरच तिचा लाभ. मदत गरजेकडे पाहून नव्हे, महाविद्यालयाच्या क्रमांकाकडे पाहून!

राज्याच्या मदतीवर रहिवासाचा शिक्का लागतो, म्हणजे काय होते, हे बेळगाव-निपाणीच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. ८६५ गावांतील मुलांनी महाराष्ट्रातील राखीव जागांसाठी किती दाखले गोळा केले, याचा हिशेब घरोघरी आहे. माळव्यातील मराठी कुटुंबांची कथा निराळी. त्यांचा रहिवास वादातीत आहे, तरीही हात रिकामाच.

कोणी म्हणेल, नांगरधाऱ्याच्या करातून अभियंता का पोसावा? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून असे ठरविले की, विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा वाटा सरकारने आधी भरावा आणि त्याची कमाई ठराविक मर्यादेपलीकडे गेली की करासोबत तो वसूल करावा. कमाई नाही, तर वसुली नाही. ना जामीनदार, ना गहाणखत. भोपाळने हेच करावे: भोजन-निवासाचे अनुदान दरमहा वेळेवर, फीचे कर्ज बिनव्याजी, वसुली कमाईनंतर, आणि धार-देवासच्या खेड्यांत शिक्षक अगर डॉक्टर म्हणून राहील त्याला दर वर्षी एक दशांश माफी. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात या दोन जिल्ह्यांच्या आमदारांनी एवढी एकच मागणी रेटावी, आणि पुढच्या निवडणुकीत मते मागावयास येतील तेव्हा ती रेटली किंवा नाही याचे उत्तर बरोबर घेऊन यावे.