टाके सुकले, उपचार उरले

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून अंगणवाड्या-शाळांत मुलांची तपासणी होते. जन्मजात हृदयदोष सापडला तर शस्त्रक्रियेची मोफत सोय होते. मोठीच गोष्ट. पण आपलं कौतुक शस्त्रक्रियेच्या आकड्यापाशी थांबतं आणि आजार तिथे थांबत नाही. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ घ्या. बाळ रडताना निळं पडतं, कारण फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते आणि हृदयाच्या पडद्याला छिद्र असतं. सर्जन छिद्र बुजवतात, वाट रुंद करतात. अनेकदा त्यासाठी झडपेचं कडंच कापून तिथे पॅच लावावा लागतो. मग झडप गळते, रक्त उलटं फिरतं, उजवा कप्पा वर्षानुवर्षं ताणत जातो. मूल मात्र धावतं, खेळतं. विशीत धाप लागते किंवा ठोके बिघडतात, तेव्हा बाळपणीची फाइल कुणाकडे असते?

शस्त्रक्रियेनंतरची नियमित तपासणी तालुक्यातच व्हावी म्हटलं, तर विचारलं जाईल, की तिथे बालहृदयरोगतज्ज्ञ आणणार कुठून? खरं आहे; पण ईसीजी काढायला तो लागत नाही आणि इकोसाठी ठरावीक काळाने मोठ्या रुग्णालयात पाठवता येतं. हवं ते पाठवणारं कुणीतरी, आणि कोणती दुरुस्ती झाली, काय उरलं हे मराठीत लिहिलेलं एक कार्ड. याने आईबाप घाबरतील, हा आक्षेप मला पटत नाही. ‘आता बरं आहे’ एवढंच ऐकून घरी गेलेलं कुटुंब पुढच्या तपासणीला का येईल? शिवाय कार्यक्रमाची मर्यादा अठराव्या वर्षाची. झडप बदलण्याची वेळ अनेकांवर त्यानंतरच येते.