पोटखराब्यातील फुले

सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ असा एक शब्द असतो. जेथे पीक येत नाही ती जमीन खराब, असा त्याचा सरळ अर्थ. शिरूर-दौंडकडील माळरानांकडे आपण सारे याच नजरेने पाहतो. घोड-भीमेकाठचा ऊस तेवढा हिरवा, बाकी सारे ओसाड! पण हा माळ खरोखरच ओसाड आहे काय?

५०० मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर येथे तरवड पिवळाजर्द फुलतो, विष्णुक्रांतेची निळी फुले जमिनीला बिलगून उमलतात, कुर्डूचे तुरे डोलतात. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले, ते अशाच माळावर राहणाऱ्या चिंकारासाठी.

आपण मात्र १९५० पासून चालत आलेल्या वनमहोत्सवात खड्डे खणतो आणि त्यांत मादागास्करचा गुलमोहर नाहीतर मध्य अमेरिकेचे गिरिपुष्प लावतो. तरवड कोणी लावत नाही. ‘तो तर आपोआप उगवतो,’ असे कोणी म्हणेल. उगवत होता, हे खरे. परंतु प्लॉट पाडण्यासाठी यंत्राने माळ सपाट केला की वरच्या थरातील बीही जाते, आणि तेथे प्रथम माजते ते गाजरगवत. हा परदेशी पाहुणा पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम दिसला. आज तो कोठे नाही?

तरवड बियांपासून वाढवणे अवघड नाही. शेंगा वाळून तपकिरी झाल्या की बी काढावे. त्याचे कवच टणक असते; म्हणून ते खरखरीत दगडावर हलकेच घासावे, रात्रभर पाण्यात भिजवावे आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर पेरावे. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्चही वाचतो.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. एकाच झुडपाचे सारे बी ओरबाडू नये आणि जेथे माळ शाबूत आहे तेथे कुदळ लावू नये. तेथे राखणे हेच लावणे होय. पेरायचे ते उकरलेल्या जागी, रस्त्याकडेला, आपल्या महाविद्यालयाच्या आवारात.

विद्यार्थिमित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण रस्ते झाडतो. त्याच वेळी प्रत्येकाने मूठभर बी गोळा करावे. प्राध्यापकांनी झाडांची नावे सांगावीत. त्यांना न आली तर मेंढपाळांना विचारावे. पदवी घेऊन बाहेर पडताना आपल्याला शेक्सपिअर ठाऊक असावाच. पण दारातले फूलही नावाने ओळखता यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.