बोर्ड फेकण्याआधी तळ नीट बघा

नोव्हेंबर उजाडला की मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर दुपारच्या वाऱ्यात काइट उडायला लागतात आणि तेरेखोल ओलांडून, काइटच्या ओढीने पाण्यावर चालवायचे बोर्ड आमच्या शेडमध्ये यायला लागतात. मी शिरोड्याचा. घरचा धंदा फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याचा, त्यामुळे काइटबोर्डही आपसूक हाताखाली आले. बोर्ड घेऊन आलेल्याचं बोट बहुतेक वेळा चुकीच्या ओरखड्यावर असतं. तळाला वाळूने काढलेल्या पांढऱ्या रेघा बघून त्याच्या जिवाची घालमेल झालेली असते. कडेला मात्र खडकावरच्या कालवांनी पाडलेली पेरभर चीर असते, आणि तिच्याकडे त्याचं लक्षही गेलेलं नसतं. त्या चिरेत लाकूड दिसतं. बोर्ड टिकणार की जाणार, हे तिथे ठरतं.

दोन्ही पायांसाठी पट्टे असलेला नेहमीचा बोर्ड साधारण एकशे चाळीस सेंटिमीटर लांब असतो. आत बहुधा पावलोनियासारखं हलकं लाकूड, त्यावर काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्यांचं कापड, हे सगळं एपॉक्सीत भिजवून दाबून बसवलेलं. कडेला एबीएस प्लॅस्टिकची पट्टी, आणि तळाला प्लॅस्टिकचा मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा. वाळूचे ओरखडे या पत्र्यातच थांबतात. नख फिरवून बघावं. नख अडकलं नाही तर काहीही करू नये. अशा रेघांनी बोर्डाचा वेग कमी झाल्याचं चालवणाऱ्याला जाणवत नाही, उलट त्या घासून काढायच्या नादात चांगला पत्रा झिजतो. नख अडकलं, पण तळाशी प्लॅस्टिकच दिसतंय, तर ती चीर हंगाम संपेपर्यंत थांबू शकते. धागे किंवा लाकूड दिसलं, तर तो बोर्ड त्या दिवशी पुन्हा पाण्यात नेऊ नये.

कारण खारं पाणी आत शिरलं की लाकूड फुगतं, फुगलेलं लाकूड कापडाचा थर उचलतं, आणि उचललेल्या थराखाली पाण्याला आणखी वाट मिळते. वरून बघणाऱ्याला महिनाभर काही कळत नाही. मी रुपयाच्या नाण्याने तळ ठोकत जातो. चांगल्या जागी टणक आवाज येतो, थर सुटला असेल तिथे बद्द येतो. त्या बद्द आवाजाभोवती पेन्सिलीने रेघ मारली की चीर केवढी आणि खरं नुकसान केवढं, ते समोर दिसतं.

दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ लागतो सुकवायला, आणि लोकांना घाई असते ती नेमकी इथेच. बोर्ड गोड्या पाण्याने धुवायचा, फिन आणि पायपट्ट्यांचे स्क्रू काढायचे, सुटे धागे ब्लेडने कापायचे आणि चीर खाली करून सावलीत, वाऱ्यावर ठेवून द्यायचा. उन्हात किंवा गाडीच्या टपावर नाही. काळा कार्बनचा बोर्ड आमच्या एप्रिलच्या उन्हात भलताच तापतो, आणि आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ उरलासुरला थरही सोडवते. किती दिवस, ते लाकूड ठरवतं. माझे धाकटे काका होड्यांच्या बाबतीत एकच सांगायचे, ‘‘आधी सुकांदे, मगे लाव.’’ बोर्डालाही तेच लागू आहे.

सुकल्यावर चिरेच्या कडा ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने उतरत्या करायच्या, म्हणजे भरण धरून राहतं. पुसायला स्पिरिट वापरावं. होडीच्या कामात हाताला लागलेलं असिटोन इथे बाजूला ठेवावं, कारण कडेचं एबीएस त्यात विरघळतं. मग एपॉक्सी आणि हार्डनर मापाने घेऊन सावकाश ढवळायचं. त्यात सिलिका पावडर मिसळून ते चक्क्याइतकं दाट करायचं, चिरेत दाबून, पृष्ठभागाच्या किंचित वर येईल एवढं भरायचं. वर प्लॅस्टिकचा जाड कागद आणि त्यावर वजन. एक दिवस हात लावायचा नाही. नंतर सपाट लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून आधी एकशेवीस, मग दोनशेचाळीस, शेवटी चारशेचा वॉटर पेपर. कोरडं घासू नये. काचेच्या धाग्यांची धूळ फुप्फुसात जाते, आणि किनाऱ्यावर घासली तर वाळूत जाते. ओलं घासतानाही मास्क हवाच. घासलेलं पाणी बादलीत धरावं आणि खाली बसलेला गाळ कचऱ्यात टाकावा. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या वाळूत आपण प्लॅस्टिकचा चुरा सोडणं मला सहन होत नाही.

एपॉक्सी रेझिन नसेल तर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं साधं, सावकाश सुकणारं अ‍ॅराल्डाइट लहान चिरेला चालतं. पाच मिनिटांत घट्ट होणारं पाण्यापुढे तितकं टिकत नाही. स्नोबोर्डसाठी मिळणारी वितळवून भरायची मेणबत्तीसारखी कांडी कुणी परदेशातून घेऊन येतं. तिचाही इथे उपयोग नाही. ती पॉलिथिलीनची असते, आणि पॉलिथिलीनच्याच तळाला नीट चिकटते. काइटबोर्डचा तळ सहसा वेगळ्या प्लॅस्टिकचा असतो.

हे सगळं वर्तमानपत्रात लिहायचं कारण असं की, वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत फायबरची होडी दुरुस्त करणारे हात जागोजाग आहेत आणि तरीही पेरभर चिरेपायी बोर्ड भंगारात जाताना मी बघतो. सुकलेलं एपॉक्सी पुन्हा वितळत नाही. त्या बोर्डाचं दुसरं काही बनत नाही, तो कचऱ्यात पडून राहतो किंवा कुणीतरी पेटवतो. आमच्या लोकांना दोन-तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतील, एवढंच. होडीला लागतं ते पॉलिएस्टर रेझिन, बोर्ड असतो एपॉक्सीचा. एपॉक्सीवर पॉलिएस्टर धड धरत नाही, थोड्याच दिवसांत पापुद्र्यासारखं निघतं. पॉलिएस्टरमध्ये शंभराला एक-दोन भाग हार्डनर जातं आणि हवा थंड असली की कारागीर ते थोडं वाढवतो. एपॉक्सीत ही सवय घातक आहे. तिथे हार्डनर वाढवलं तर काम लवकर होत नाही, भरण मऊ राहतं. आणि दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय घासू नये. चांगल्या फायबर कारागिराला हे शिकायला आठवडा पुरे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने पहिल्यांदा शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं घेतली, ते योग्यच झालं. खेळाच्या साहित्यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडेचं केंद्र आहे. वारा कसा ओळखावा, हे शिकवतात तिथे तळ कसा तपासावा, हेही शिकवावं, आणि शिकवायला आमच्यातला फायबर कारागीर बोलवावा, मानधन देऊन. बोर्ड भाड्याने देणाऱ्यांनी रोज संध्याकाळी बोर्ड धुऊन तळावरून नख फिरवलं तरी निम्मे प्रश्न माझ्या शेडपर्यंत येणार नाहीत. माझा धंदा त्याने कमी होईल. मला ते चालेल.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, कारागीर शेडमध्येच असतात आणि काइटचा हंगामही संपलेला असतो. शिकायला याहून सोयीचा काळ नाही. पावसाळ्यात हवेत ओलावा भरपूर, तेव्हा बंद खोली, एक हीटर आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र एवढं हवं. त्यात मापाचा काटा, दोन किलो एपॉक्सी आणि गोव्यातल्या दुकानांत कोपऱ्यात टाकून दिलेले चार-पाच बोर्ड घाला. बोर्ड मी आणून देतो, शेडही आमची वापरा. संस्थांनी तारीख कळवावी.