घराने झाकलेला आजार

दारू पिणाऱ्या मुलाचं लग्न ठरवताना आपल्याकडे आजही एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'दोनाचे चार हात झाले की सुधारेल.' मुलीकडच्यांना त्याच्या पिण्याबद्दल अवाक्षर सांगितलं जात नाही. तो सुधारला नाही, तर 'हिला नवरा सांभाळता आला नाही' हा ठपका मात्र तिच्यावर येतो. इतर बहुतेक आजारांवर लग्नाचा उपाय सुचवायला आपण धजणार नाही. दारूच्या बाबतीत तो बिनदिक्कत सुचवतो, कारण व्यसन हा आजार आहे हे आपण मनापासून मानलेलंच नाही.

तो आजार आहे, याचा पुरावा शरीरच देतं. रोजच्या दारूला मेंदू सरावतो. आधी दोन पेगनी होणाऱ्या नशेला पुढे चार लागतात. मग सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो आणि ते थांबवण्यासाठी 'उतारा' घ्यावा लागतो. इथवर आलेल्या माणसाने एकाएकी दारू बंद केली, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. अशा माणसाला शपथ घालून खोलीत कोंडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे. 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींतली अज्ञात पावडर आमटीत मिसळणंही तितकंच घातक आहे.

व्यसन जडतं एकाला, पण बदलतं अख्खं घर. बायको ऑफिसात फोन करून 'आज त्यांना ताप आहे' असं कळवते. आई मुलाची उधारी गुपचूप फेडते. भाऊ त्याला गुत्त्यावरून उचलून आणतो आणि शेजाऱ्यांना 'चक्कर आली' म्हणून सांगतो. हे सगळं मायेपोटी आणि अब्रूपायी होतं. परिणाम एवढाच, की पिण्याची किंमत पिणारा सोडून बाकी सगळे मोजतात. त्याला थांबावंसं वाटेल अशी वेळच घर येऊ देत नाही.

नवरा-बायकोच्या नात्याचं तर पोलीस-चोराचं नातं होतं. ती खिसे तपासते, बाटल्या मोरीत ओतते. तो लपवतो आणि खोटं बोलतो. पुढे पुष्कळ घरांत संशय शिरतो, हात उगारला जातो. मुलं मोठ्यांहून लवकर शिकतात. बाहेर मोटारसायकल लागल्याच्या आवाजावरून आज बाबा कसे आलेत हे सात-आठ वर्षांच्या मुलीला कळतं. ती पुस्तक मिटते आणि धाकट्याला घेऊन आतल्या खोलीत जाते. मित्रमैत्रिणींना घरी बोलवायचं नसतं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातली सिंधू मरतानाही दारुड्या नवऱ्याला पाठीशी घालते आणि पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक तिच्यासाठी रडत आले. आता तिच्या सोसण्याची थोरवी गाणं पुरे. तिला वेळेवर मदत कोण करणार होतं, हा प्रश्न विचारायला हवा.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षणानुसार, दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५ कोटी ७० लाख लोक देशात आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलेतरी उपचार मिळतात. या दरीला व्यसनमुक्ती केंद्रांची कमतरता कारणीभूत आहेच. घराघरांतलं मौनही आहे.

ते मौन मोडता येतं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या जोडीने कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन'च्या सभा होतात. पिणारा उपचाराला तयार नसला, तरी बायकोला, आईला, मुलांना स्वतःसाठी मदत घेता येते. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

म्हणून घरच्यांनी काही गोष्टी आजच थांबवाव्यात : त्याच्यासाठी खोटं बोलणं, त्याची उधारी फेडणं, तो प्यायलेला असताना वाद घालणं. मारहाण होत असेल, तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी. त्यासाठी घर सोडावं लागलं तरी ती प्रतारणा नव्हे. तो शुद्धीवर असताना शांतपणे, स्पष्ट शब्दांत उपचारांचा विषय काढावा. उपचारांनंतर पुन्हा घसरण होऊ शकते, तेव्हा 'सगळं फुकट गेलं' म्हणून हात न झटकता पुन्हा उपचारांकडे वळावं. आणि पिणाऱ्या मुलाचं स्थळ सुचवणाऱ्याने मुलीला खरं सांगावं. तिच्या आयुष्यावर असा प्रयोग करण्याचा अधिकार कुणालाही नाही.