कॉम्प्युटर तापतोय? नवा घेण्याआधी बोट लावून पाहा

मे महिन्याची १९ तारीख. दुपारी परभणीहून भाचीचा फोन आला. "मामू, कॉम्प्युटर परत बंद पडला. दहा मिनिटंसुद्धा चालत नाही." बी.कॉम. झाल्यापासून ती घरूनच चार दुकानांचे हिशेब लिहिते. दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची मुदत. उशीर झाला तर विलंब शुल्क दुकानदाराला बसणार, आणि काम भाचीच्या हातून जाणार. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितले होते, "मदरबोर्ड गेला, नवा संच घ्या." बाजी भिशीचे पैसे उचलायच्या तयारीत होती.

मी म्हटले, जरा थांबा. सकाळी किती वेळ चालतो? "वीस-पंचवीस मिनिटं." दुपारी? "दहा." आणि बंद पडल्या पडल्या लगेच चालू केला तर? "तीन-चार मिनिटांत परत बंद." वाचकहो, हे उत्तर नीट लक्षात ठेवा. गार असताना जास्त चालणारा आणि गरम असताना लवकर बंद पडणारा कॉम्प्युटर बहुतेक वेळा तापलेला असतो. प्रोसेसर स्वतःचे तापमान सतत मोजत असतो. मर्यादा गाठली की तो आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून मशीन तडकाफडकी बंद होते. म्हणजे बंद पडणे हा तिथे बिघाड नसून बचाव असतो.

भाची पुढे म्हणाली, "तसा तो दोन महिन्यांपासून मंदच झालाय. आम्हाला वाटलं व्हायरस आहे." तेही त्याच कारणाने.

पहिले काम तिला दिले ते दुरुस्तीचे नव्हते. तासभर मशीन बंद ठेवायचे, गार झाल्यावर चालू करून सगळ्या हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यायची. ती झाली, मग पुढचे.

आता तापमान बघायचे. त्यासाठी कोणताही प्रोग्रॅम उतरवून घ्यायची गरज नाही. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहिले की बायोसचा पडदा उघडतो. तिथे हार्डवेअर मॉनिटर अशा नावाखाली प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या बऱ्याच रायझेन मॉडेलची ९५. काही काम नसताना ४०-५० आणि कामात ६०-८० दिसले तर काळजी नाही. एक मात्र ध्यानात घ्या: पंखा खोलीतलीच हवा ओढतो. मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच ४० अंशांची असली तर जानेवारीतला आकडा मिळणार नाही.

भाचीने वाचून दाखवले, "७८... ८४... ९१. मामू, हा तर पळतोय!" पंखा मात्र व्यवस्थित फिरत होता.

माझ्या मते अर्धे निदान इथेच होते. तापमान पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत असेल तर धूळ, मंद पंखा किंवा टेबलाच्या कप्प्यात कोंडलेला डबा यांच्यावर संशय घ्यावा. एक-दोन मिनिटांतच नव्वदीला पोचत असेल तर उष्णता प्रोसेसरमधून बाहेरच पडत नाही असे समजावे. खात्री करायची तर मशीन बंद करा, प्लग काढा, बाजूचे झाकण उघडा आणि पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला, म्हणजे हीटसिंकला, हलकेच बोट लावा. ठोकळा चटका देत असेल तर उष्णता त्याच्यापर्यंत येते आहे, फक्त हवा ती नेत नाही. ठोकळा कोमट आणि प्रोसेसर ९० वर असेल तर दोघांची गाठच पडलेली नाही.

"कोमट आहे," भाची म्हणाली. मग व्हिडिओ कॉलवर कॅमेरा आत धरायला लावला. हीटसिंकच्या चार प्लास्टिकच्या पायांपैकी एक वर उचललेला! चौकशी केली तर भाच्याने कबूल केले. ईदच्या आधी घराची साफसफाई झाली तेव्हा त्याने उत्साहाने ब्रश घालून आतली धूळ झाडली होती. त्याच्यावर रागवू नका, असे मी बाजीला दोनदा सांगितले. इंटेलसोबत येणाऱ्या कूलरचे ते पाय असतातच नाजूक.

नुसता पाय दाबून भागत नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. तो एकदा फाटला किंवा वाळला की नवा लावावा लागतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात छोटी ट्यूब स्वस्तात मिळते. टूथपेस्ट लावणारे भेटतात, त्यांचे ऐकू नका. ती काही दिवसांत वाळून जाते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती फडक्यावर पुसून काढायची, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी ठेवायची आणि बोटाने न पसरवता वरून हीटसिंक सरळ टेकवायचा. पायांच्या टोप्या बाणाच्या दिशेने फिरवल्या की सुटतात, म्हणून बसवण्याआधी त्या उलट फिरवून घ्यायच्या. मग समोरासमोरचे कोपरे जोडीने दाबायचे, चारही वेळा टक् असा आवाज यायला हवा. पंख्याची वायर पुन्हा सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावायची.

एएमडीच्या एएम-४ पर्यंतच्या प्रोसेसरला हीटसिंक सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. थोडा वेळ चालवून कोमट करा, बंद करून प्लग काढा, मग हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

धूळ काढताना ब्लोअर मारणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याच्या झोताने पंखा वाटेल तसा फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते.

भाच्याने संध्याकाळी पेस्ट आणली, बहीण-भावांनी मिळून ती लावली. रात्री नऊला आकडा आला: कामात ६६. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन दुकानांची विवरणपत्रे गेली. चौथा दुकानदार बिलेच घेऊन आला सहा वाजता.