बोली वाचवायचीय? मग तिच्यात धंदा करा!



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, मी मालवणीत व्हिडिओ केला तर लोक हसतील का हो?" उत्तर देतो, पण जरा लांबून, इंडोनेशियातून.

जावा बेटाच्या पश्चिमेला, बांडुंग शहराच्या आसपास सुंदानी भाषा बोलतात. बोलणारे ३ कोटींच्या पुढे! तरी ती मागे पडतेय. शाळा, ऑफिस सगळीकडे इंडोनेशियन चालते, म्हणून आईवडीलही मुलांशी तीच बोलतात. शिवाय सुंदानीत मोठ्यांशी बोलायचे शब्द वेगळे, मित्रांशी बोलायचे वेगळे. चुकलो तर उद्धट ठरू, म्हणून तरुण पोरं सरळ इंडोनेशियनमध्ये बोलून मोकळी होतात. ताई, ही भीती ओळखीची वाटते ना?

तिथे १९५७ पासून 'मांगले' नावाचं सुंदानी नियतकालिक आहे. २००८ मध्ये सुंदानी लिपी युनिकोडमध्ये आली. चांगलंच आहे. पण पोरांच्या हातात नियतकालिक नाही, मोबाइल आहे. तिथे भाषा ऐकू आली नाही, तर तिची सवय लागणार कशी?

आता माझं स्पष्ट मत. नुसत्या कॉमेडी रील्सनी भाषा वाचत नाही. लोक हसतात आणि पुढे जातात. हळूहळू ती भाषा फक्त विनोदापुरती उरते. कामाचे शब्द कामाच्या व्हिडिओतच टिकतात. बांडुंगकडे कसावा आंबवून 'प्युयुम' करतात. कंद कसा निवडायचा, किती आंबवायचा, हे करणाऱ्यानेच सुंदानीत दाखवलं, तर मालही विकला जाईल आणि शब्दही राहतील.

आपल्याकडेही तेच. आमसुलाला मालवणीत 'सोलां' म्हणतात. मुंबईत राहणारा सिंधुदुर्गातला माणूस हा शब्द ऐकला की थांबतो. अहिराणी, वऱ्हाडीचंही तसंच.

खोटं सांगत नाही, व्ह्यूज कमी येतील. जाहिरातीच्या पैशावर घर चालणार नाही. पण तुम्हाला लाखभर प्रेक्षक कशाला हवेत? पन्नास कायमची गिऱ्हाइकं मिळाली तरी छोट्या धंद्याला मोठा आधार होतो.

म्हणून या आठवड्यात एकच काम. तुमची वस्तू हातात घ्या, आणि आईशी बोलता तसं दोन मिनिटं तिच्याबद्दल बोला. खाली मराठीत चार ओळी द्या, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.

आणि ताई, लोक हसले तर हसू द्या. ऑर्डर मात्र लिहून घ्या!