यादीतला नंबर

दोन विमान कंपन्या एक झाल्या की वर्तमानपत्रांत शेअरचे भाव येतात, विमानाच्या शेपटीवरचा नवा रंग येतो, दोन अध्यक्षांचे हस्तांदोलन करतानाचे छायाचित्र येते. वैमानिकाच्या घरात मात्र त्या दिवशी एकच प्रश्न असतो : आता आपला नंबर कितवा?

हा नंबर सेवाज्येष्ठतेच्या यादीतला. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला या यादीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आमच्याकडे ती आली की लोक कादंबरी वाचावी तशी वाचत. किंबहुना कादंबरीपेक्षा अधिक लक्षपूर्वक, हे मी कादंबरीकार म्हणूनही सांगतो. पण बँकेतल्या अधिकाऱ्याचे सारेच काही त्या यादीवर टांगलेले नसते. मुलाखत असते, गोपनीय अहवाल असतो, साहेबाची मर्जी असते. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिकाचे जवळजवळ सगळे तो नंबरच ठरवतो. कोणते विमान चालवायचे, डावीकडची कॅप्टनची खुर्ची की उजवीकडची सहवैमानिकाची, ड्यूटी कोणत्या शहरातून सुरू करायची, नाताळात घरी कोण आणि आकाशात कोण, मंदी आली तर आधी घरी कोणी बसायचे. बरे, कंटाळून दुसऱ्या कंपनीत जावे, तर वीस वर्षांचा अनुभवी माणूसही तिथे यादीच्या तळाशी. अशी ही ठेव, दुसऱ्या शाखेत वर्ग न होणारी.

मग दोन याद्या एकमेकींत गुंफायच्या कशा? रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे लावा, असे एक बाजू म्हणते. बुडत्या कंपनीतल्या तारखेला आमच्याकडे तेवढाच मान कशासाठी, असे दुसरी विचारते. तिला प्रत्येकाचे आपल्या यादीतले स्थान पाहून त्या प्रमाणात मिसळणे हवे असते. दोघांचेही म्हणणे प्रामाणिक असते, हीच अडचण. तिसऱ्या पद्धतीला तिकडे ‘स्टेपल’ म्हणतात. एक यादी संपली की तिच्याखाली दुसरी टाचून टाकायची!

२००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने दिवाळखोरीत गेलेल्या टीडब्ल्यूएचा कारभार विकत घेतला. टीडब्ल्यूए हे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीला आठवेल. एके काळी तिची विमाने मुंबईला येत. तिच्या सुमारे तेवीसशे वैमानिकांपैकी निम्म्याहून अधिक जण अमेरिकनच्या यादीखाली टाचले गेले. अशा प्रसंगी लवादाकडे जाण्याचे संरक्षण त्यांच्या करारात होते. ते सोडा, नाहीतर व्यवहार होणार नाही, असा आग्रह झाला आणि त्यांच्या प्रतिनिधींनी ते सोडले.

बदल्यात त्यांना एक कुंपण मिळाले. तिकडचा शब्दही तोच, ‘फेन्स’. मिसुरी राज्यातले सेंट लुईस हे टीडब्ल्यूएचे मोठे केंद्र. त्या एका तळावर कॅप्टनच्या काही जागा तिच्या वैमानिकांसाठी राखून ठेवल्या गेल्या. सेंट लुईसमध्ये राहाल तर कॅप्टन. डलासला किंवा शिकागोला जातो म्हणाल तर नव्या यादीतला नंबर लागू. कागदावर ही तडजोड वाईट दिसत नाही. घर तिथेच, मुलांच्या शाळा तिथेच, खुर्चीही शाबूत. पण कुंपण जमिनीला असते, आणि इथे जमीन कंपनीची होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवासी आटले. नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीने सेंट लुईसची रोजची उड्डाणे जवळजवळ निम्म्यावर आणली आणि २००९ साली तर तिथला उरलासुरला पसाराही आवरण्याचे जाहीर केले. उड्डाणेच नाहीत तिथे राखीव जागा कसली? मधल्या काळात टीडब्ल्यूएचे शेकडो वैमानिक कपातीत घरी बसले होते.

डिसेंबर २००७ मध्ये मिसुरीच्याच दोन सिनेटरांनी, मॅकास्किल आणि बाँड यांनी, कायदा करून घेतला : यापुढे याद्या न्याय्य रीतीने जोडायच्या, जमले नाही तर लवाद. टीडब्ल्यूएच्या माणसांना त्याचा उपयोग नव्हता. त्यांच्या जुन्या संघटनेने त्यांची बाजू इमानाने लढवली नाही, असा कौल ज्युरीने दिला तोही २०११ साली. तोवर कित्येकांची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

आपल्याकडे २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. पाटी एक, पण वैमानिकांच्या संघटना दोन, वेतनाचे नियम दोन, बढतीच्या वाटा दोन. २०११ साली पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी १० दिवस संप केला. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने ५८ दिवस. नव्या ड्रीमलायनरचे प्रशिक्षण पहिल्या गटालाही मिळाले तर आमच्या बढत्या अडतील, ही त्यांची भीती. भर मे महिन्यात विमानतळांवर खोळंबलेल्या कुटुंबांनी दोन्ही वेळा वैमानिकांना लाखोली वाहिली, आणि ५८ दिवसांच्या संपाचे समर्थन मीही करणार नाही. पण हा गुंता सोडवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली ती २०११ मध्ये, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी! त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारल्याचे मला तरी आठवत नाही.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्ताराही एअर इंडियात विलीन झाली. अशा व्यवहारांत शेपटीचा रंग नंतर ठरला तरी चालेल. यादी आधी, आणि तिऱ्हाइताकडून, ठरावी. एखाद्या शहरापुरते संरक्षण द्यायचे असेल तर त्याच कलमात लिहावे, की तळ बंद झाला तर कॅप्टनची जागा माणसाबरोबर दुसऱ्या शहरात जाईल. कंपन्या याला सहजी तयार होत नाहीत, कारण मग त्या दुसऱ्या शहरातल्या कोणाला तरी खुर्चीवरून उठवावे लागते. हा वाईटपणा सह्या करतानाच घ्यायला हवा. सेंट लुईसमध्ये तो वैमानिकांच्या बायकामुलांच्या वाट्याला आला.